धागा: चार डीएमआर रिपीटर, एक कंट्रोल रूम. देखरेखीचं सॉफ्टवेअर जोडायचं कसं?

खाडीवारा

नमस्कार मंडळी. जाळं असं आहे: मोटोरोलाच्या मोटोट्रबो या डीएमआर (डिजिटल वॉकीटॉकी) मालिकेचे चार यूएचएफ रिपीटर (सेटचा सिग्नल उचलून पुन्हा जोरात पाठवणारी यंत्रं), मॉडेल एसएलआर ५५००, आयपी साइट कनेक्टवर, म्हणजे आयपी नेटवर्कवरून, एकमेकांना जोडलेले. महापे, तळोजा, उरणकडचं कंटेनर यार्ड आणि ठाण्यात वागळे इस्टेट. कंट्रोल रूम वागळेलाच. मास्टर सध्या महापेला आहे. एकाच चॅनेलवर आळीपाळीने चालणारे दोन स्लॉट: स्लॉट १ सुरक्षारक्षकांचा, स्लॉट २ गाड्यांचा. साधारण १६० हातातले सेट आणि ४० गाडीतले. वागळे ते महापे ५.८ गिगाहर्ट्झची स्वतःची लिंक आहे, तळोज्याला फायबर ब्रॉडबँड, उरणला फोरजी राउटर. वागळेला स्टॅटिक आयपी असलेली इंटरनेट लाइन आहे.

आज देखरेख म्हणजे झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरवरून दर मिनिटाला चारही रिपीटरना पिंग, एवढंच. पडद्यावर सगळं हिरवं असतं आणि यार्डातून फोन येतो, "सेटवर कोणी उत्तर देत नाही."

हवं आहे ते असं: बिघाड झाला की मोबाईलवर अलार्म, दोन्ही स्लॉटवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, आणि गाड्या नकाशावर. एकाच सॉफ्टवेअरात होईल का? आणि आधी काय जोडायचं?

डेसिबल

सॉफ्टवेअर एक असू शकतं. आत शिरायची दारं मात्र तीन आहेत, आणि प्रत्येकाला वेगळी किल्ली लागते.

पहिलं दार आरडॅक. रिपीटरची तब्येत इथून दिसते: ट्रान्समीटर, रिसीव्हर, पंखा, तापमान, वीज, कोणता चॅनेल, चालू की बंद. दुसरं दार व्हॉइसचं नेटवर्क ॲप्लिकेशन इंटरफेस. रेकॉर्डिंग आणि डिस्पॅच यातून होतं. सॉफ्टवेअर जाळ्यात आणखी एक पीअर (रिपीटरच्या बरोबरीचा जोडीदार) म्हणून येऊन बसतं आणि रिपीटर त्याला बोलण्याची प्रत पाठवतो. तिसरं डेटाचं. गाड्यांचं ठिकाण, सेटची हजेरी, टेक्स्ट मेसेज इथून येतात. त्यासाठी विंडोज मशीनवर एमएनआयएस (रिपीटरशी डेटाची देवाणघेवाण करणारी) आणि डीडीएमएस (कोणता सेट हजर आहे ते सांभाळणारी) या दोन सर्व्हिस चालवाव्या लागतात. व्हॉइस आणि डेटाची लायसन्स रिपीटरमध्ये घालायची असतात. सॉफ्टवेअरवाल्याने दिलेलं लायसन्स वेगळं, हे वेगळं. कोटेशन मागताना इथेच गफलत होते: सॉफ्टवेअर येतं, बसवायला माणूस येतो, आणि मग कळतं की रिपीटर त्याला दारातच उभा करतोय.

क्रम: आधी आयपीचा पाया, मग आरडॅक, मग व्हॉइस, शेवटी डेटा. एक भाग आठवडाभर नीट चालल्याशिवाय पुढचा जोडू नका. चारही गोष्टी एका दिवशी जोडल्या तर अडलं कुठे ते शोधताना नाकी नऊ येतील.

आणि मास्टर वागळेला हलवा. मास्टरचं काम फक्त नव्या पीअरला बाकीच्यांची ओळख करून देण्याचं. तो पडला तरी जुळलेले रिपीटर आपसात बोलत राहतात, पण त्या काळात एखादा रीस्टार्ट झाला तर त्याला परत आत यायला वाट नाही. म्हणून स्टॅटिक आयपी आणि चांगली वीज जिथे आहे तिथे मास्टर.

स्लॉट_दोन

वरच्याला पूरक. कोडप्लगमध्ये (रिपीटरमध्ये किंवा सेटमध्ये भरलेल्या सेटिंगच्या फाइलमध्ये) दोन्ही स्लॉट 'आयपी साइट कनेक्ट' केलेले आहेत ना, ते एकदा डोळ्याने पाहा. एखाद्या साइटवर स्लॉट लोकल ठेवलेला असेल तर तिथलं बोलणं आयपीवर येतच नाही. त्या साइटचे लोक आपसात मजेत बोलत असतात, रेकॉर्डरमध्ये शांतता, आणि सगळे सॉफ्टवेअरवाल्याच्या नावाने खडे फोडतात.

पारसिककर

आयपीचा पाया मी घेतो.

आयपी साइट कनेक्टमध्ये मल्टिकास्ट नाही. रिपीटर प्रत्येक पीअरला वेगळी प्रत पाठवतो. त्यामुळे सॉफ्टवेअर जोडलं की प्रत्येक साइटचा अपलोड वाढतो. हिशेब एका स्लॉटच्या बोलण्याला दर पीअरमागे १५ केबीपीएस, लिंक सांभाळायला दर पीअरमागे ६, आरडॅकसाठी ५५, आणि मास्टरवर दर पीअरमागे आणखी ३.

तुमच्याकडे प्रत्येक रिपीटरसमोर बाकीचे ३ रिपीटर आणि १ सॉफ्टवेअर, म्हणजे ४ पीअर. बोलणं १५ × ४ × २ = १२०. लिंक ६ × ४ = २४. आरडॅक ५५. बेरीज १९९ केबीपीएस. मास्टरवर १२ जास्त, म्हणजे २११.

यावर व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी बोगद्याचा, बोजा. वायरगार्ड हे व्हीपीएन आयपीव्ही४ वर दर पॅकेटला ६० बाइट चढवतं. बोलण्याचं पॅकेट दर ६० मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला साधारण १७. एका प्रवाहामागे ८ केबीपीएस वाढले. आठ प्रवाहांना ६४. एकूण पावणेतीनशेच्या आसपास, म्हणून ३०० केबीपीएस अपलोड कायम मोकळा धरा. आकडा किरकोळ दिसतो. पण उरणच्या फोरजी राउटरवर कोणी सीसीटीव्ही टाकला असेल तर तो सगळा अपलोड गिळून बसतो, आणि पहिला बळी आवाजाचा जातो.

वेगापेक्षा जिटर, म्हणजे पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार, महत्त्वाचा. हे जाळं ६० मिलिसेकंदांपर्यंतचा जिटर सांभाळतं, त्यापुढे शब्द तुटतात. मोजायचं असं: वागळेच्या लिनक्स मशीनवरून उरणला दर ६० मिलिसेकंदाला एक असे १००० पिंग पाठवा. मिनिटभराचं काम आहे. सकाळी, दुपारी आणि यार्डात गर्दी असते तेव्हा, असं तीनदा करा. सरासरी बघू नका, सगळ्यात वाईट आकडे बघा. जाण्याचा विलंब एका बाजूने ६० च्या वर जात असेल तर कोडप्लगमध्ये मेसेजिंग डिले 'नॉर्मल'वरून 'हाय' करा, तो ९० पर्यंत चालतो. मात्र हा बदल रिपीटर आणि सेट दोन्हींत सारखा हवा. दोनशे सेट पुन्हा प्रोग्राम करायचा प्रश्न आहे, त्यामुळे आधी लिंक सुधारता येते का ते पाहा.

साध्या फोरजी सिमवर सहसा पब्लिक आयपी मिळत नाही, ऑपरेटरच्या नॅटमागेच (एकच पब्लिक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) बसावं लागतं. पीअर आतून बाहेर बोलतो म्हणून मास्टरशी जुळतो, पण नॅटचं दार काही सेकंद शांतता राहिली की बंद होतं. कोडप्लगमध्ये फायरवॉल उघडी ठेवण्याची वेळ म्हणून एक रकाना असतो तो यासाठीच. तरीही माझं मत सरळ आहे: चारही साइट वायरगार्डमध्ये घाला, साइटच्या राउटरवर कीपअलाइव्ह २५ सेकंद, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४२०, आणि रिपीटरना फक्त आतले पत्ते द्या. ५०००० नंबरचा यूडीपी पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. ऑथेंटिकेशन की तरीही भरा, रिकामी सोडू नका. आणि ती भरताना चारही रिपीटरमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये अक्षर न् अक्षर एकच. एका अक्षराने चुकली तर एरर येत नाही, पीअर नुसता दिसत नाही.

व्हीपीएन न करता दोन पीअर एकाच राउटरमागे ठेवलेत (वागळेचा रिपीटर आणि वागळेचं सॉफ्टवेअर) तर त्या राउटरला हेअरपिनिंग (आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर गेलेलं पॅकेट परत आत वळवणं) यायला हवं. घरगुती राउटरना बहुधा येत नाही. लक्षण ठरलेलं: सॉफ्टवेअरला लांबचे तीन रिपीटर दिसतात, शेजारच्या रॅकमधला दिसत नाही.

चौथा_मजला

एवढा पसारा कशाला? चार तर रिपीटर. यूपीएस बरा ठेवा, महिन्यातून एकदा माणूस फिरवा.

डेसिबल

माणूस फिरवाच. पण महिन्याने गेलेला माणूस त्या दिवशीची तब्येत बघतो. पाण्याने भरत चाललेला कनेक्टर जूनच्या पहिल्या पावसात बिघडतो आणि दुपारच्या उन्हात पुन्हा बरा होतो. तो सापडायला सततचं माप हवं.

आता मुख्य मुद्द्याकडे. खाडीवारा यांनी लिहिलेली तक्रार, पिंग हिरवा आणि सेट मुका, ही आयपीच्या देखरेखीने कधीच सुटणार नाही. रिपीटरचं नेटवर्क कार्ड जिवंत असणं वेगळं आणि अँटेनातून बाहेर जाणं-येणं वेगळं. आरडॅक जोडलं तरी अर्धंच दिसतं. का, ते आकड्यांत बघा.

रिपीटर आपला व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) पीएच्या, म्हणजे शेवटच्या ॲम्प्लिफायरच्या, तोंडाशी मोजतो. तिथून अँटेनापर्यंत डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) आणि केबल आहे. डुप्लेक्सरचा तोटा १.५ डीबी धरा. एलएमआर ४०० केबलचा ४५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण ८.९ डीबी, म्हणजे ३० मीटरला २.७. एका बाजूने ४.२. परत येणारी लाट हाच तोटा दुसऱ्यांदा सोसते: ८.४ डीबी. आता समजा अँटेना मुळापासून तुटून पडली, सगळी शक्ती परत फिरली. रिपीटरला दिसणारा रिटर्न लॉस ८.४ डीबी, म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर जेमतेम २.२. अलार्मची मर्यादा ३ वर ठेवली असेल तर अँटेना जमिनीवर पडलेली असताना पडदा हिरवा! आणि मध्ये आयसोलेटर (शक्ती एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर तेवढंही दिसत नाही, परतलेली शक्ती त्याच्या डमी लोडमध्ये जिरते.

म्हणून मर्यादा पुस्तकातली घेऊ नका. अँटेना आणि केबल चांगली असताना प्रत्येक साइटचा आकडा लिहून ठेवा. अँटेनाचा स्वतःचा १.५ असेल तर वरच्या हिशेबाने रिपीटरला १.१६ दिसेल. मग १.५ ला सूचना, १.८ ला अलार्म.

त्याहून चांगला उपाय: डुप्लेक्सरच्या पुढे, केबल गच्चीकडे निघते तिथे डायरेक्शनल कपलर (पुढे जाणारी आणि परतणारी शक्ती वेगवेगळी दाखवणारा) आणि दोन डिटेक्टर. तिथून फक्त केबलचा तोटा मध्ये येतो, तुटलेली अँटेना ३.३ दाखवते. पुढे जाणारी शक्ती २५ वॉट आणि परतणारी १ वॉट असेल तर व्हीएसडब्ल्यूआर १.५. परतणारी २.८ झाली की २. हे दोन आकडे पाठ ठेवा, जागेवर उभं राहून हिशेब करायला सोपे पडतात.

खाडीवारा

आयसोलेटर महापेला आणि तळोज्याला आहे. म्हणजे तिथे आरडॅकवर भिस्त ठेवून उपयोग नाही, समजलं. पण हे झालं पाठवण्याचं. रिपीटर बहिरा झाला तर?

डेसिबल

बहिरेपण पकडणं सगळ्यात अवघड, आणि तेच सगळ्यात जास्त घडतं. डुप्लेक्सरचा सूर हलला की स्वतःच्याच ट्रान्समीटरचा आवाज स्वतःच्या रिसीव्हरमध्ये शिरतो. लक्षण असं: पहिला अर्धा शब्द ऐकू येतो आणि तुटतं. कारण पहिल्या क्षणी ट्रान्समीटर बंद असतो, तो चालू झाला की कान बंद. जवळच्या माणसाला काहीच फरक पडत नाही, लांबचा तुटतो. म्हणून रिपीटरशेजारी उभं राहून "हॅलो हॅलो, येतोय ना?" करण्याला अर्थ नाही.

उपाय म्हणजे पहारेकरी सेट. प्रत्येक साइटपासून काही अंतरावर, वीज असलेल्या खोलीत, एक गाडीतला सेट कमी शक्तीवर कायमचा बसवा. अँटेनाच्या वाटेत ॲटेन्युएटर घालून सिग्नल मुद्दाम इतका कमजोर करा की रिपीटरला तो −१०५ ते −१०८ डीबीएमच्या आसपास मिळेल. या रिपीटरची ऐकण्याची हद्द −११८ ते −१२० च्या घरात असते, म्हणजे दहा-बारा डीबी शिल्लक. ॲटेन्युएटर सेटची पूर्ण शक्ती सोसणारा हवा. १ वॉटवर सेट ठेवला तरी ५ वॉटचा घ्या.

सॉफ्टवेअरमधून दर १५ मिनिटांनी त्याला रेडिओ चेक (सेटकडून आपोआप उत्तर मागणारा छोटा संदेश) पाठवा, दिवसाला ९६ वेळा. दोन गोष्टी नोंदवा: उत्तर आलं का, आणि किती डीबीएमवर आलं. सिग्नलचा आकडा ६ डीबीने कायमचा खाली गेला तर अँटेना किंवा केबल. आकडा तसाच पण उत्तरं ९६ पैकी ८० वर आली, तर कान बिघडला: डुप्लेक्सर, किंवा शेजारी कोणीतरी नवा ट्रान्समीटर लावलाय. हा फरक पिंगमधून, व्हीएसडब्ल्यूआरमधून, कशातूनच कळत नाही.

स्लॉट_दोन

हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

एक शंका. रेडिओ चेक स्लॉट १ वर टाकला तर रक्षकांच्या बोलण्यात अडथळा नाही का?

डेसिबल

चेकचा बर्स्ट सेकंदाच्या आत संपतो. सॉफ्टवेअरमध्ये 'चॅनेल मोकळा असेल तरच' हे ठेवा, आणि चारही साइटचे चेक एकाच मिनिटाला लावू नका. जाळं सगळीकडे पसरलेलं आहे, एका साइटचा चेक चारही साइटच्या हवेत जातो. ०, ४, ८, १२ व्या मिनिटाला वाटून द्या.

चिमटामीटर

साइटच्या खोलीतली माणसांना दिसणारी दुखणी राहिली. वीज, बॅटरी, तापमान, दार. यासाठी रिपीटरवर अवलंबून राहू नका, कारण रिपीटर मेला की तेही मेलं. वेगळा छोटा बोर्ड लावा.

ईएसपी३२ बोर्ड, वायफाय नको, इथरनेट असलेला घ्या. बॅटरीचा व्होल्टेज आणि करंट मोजायला आयएनए२२६. ईएसपी३२चा स्वतःचा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) वाकडा आहे, १३.६ ला १३.१ दाखवेल. करंटसाठी २० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा शंट, आयएनए२२६ची मर्यादा ८१.९२ मिलिव्होल्ट, छान जुळतं. तापमानाला दोन डीएस१८बी२०, एक खोलीच्या हवेत आणि एक रिपीटरच्या हीटसिंकजवळ, ४.७ किलोओहमचा पुलअप. महावितरणची वीज आहे की नाही हे कळायला मोबाईलचा ५ व्होल्टचा चार्जर आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर. २३० व्होल्ट बोर्डाजवळ आणायचंच नाही. दाराला रीड स्विच. बोर्डाला वीज रिपीटरच्याच १२ व्होल्ट बॅटरीवरून बक कन्व्हर्टरने, म्हणजे लाइट गेल्यावरही बोलतो. डेटा एमक्यूटीटी या हलक्या संदेश-पद्धतीने वागळेला.

काय बिघडतं? पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं की तापमान ८५ अंश. डीएस१८बी२० चालू होताना ८५ हा आकडा आपोआप देतो. ट्रान्समीटरच्या आरएफमुळे सेन्सर रीसेट होतो आणि तोच आकडा येतो. बरोब्बर ८५.० आला की तो टाकून द्यायचा, आणि सेन्सरच्या वायरला बोर्डाजवळ फेराइट रिंगमधून तीन फेरे. वायर शिल्डेड, शिल्ड एकाच टोकाला अर्थ. बोर्ड पत्र्याच्या डबीत.

बॅटरीच्या मर्यादा, लेड ॲसिडसाठी: वीज असताना १३.५ ते १३.८ दिसायला हवेत. वीज गेल्यावर ट्रान्समिट चालू असताना १२.० ला सूचना, ११.५ ला अलार्म. बॅटरी म्हातारी झालीय का हे बघायला वेगळी चाचणी नको. महापेला शुक्रवारी मेंटेनन्ससाठी लाइट जाते तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात व्होल्टेज किती उतरला ते दर वेळी साठवा. तोच आलेख दर महिन्याला तीव्र होत गेला की बॅटरी बदलायची वेळ.

पारसिककर

झॅबिक्समध्ये या सगळ्याचं काय करायचं, थोडक्यात.

व्हीएसडब्ल्यूआर ट्रान्समिट चालू असतानाच मोजा. रिपीटर गप्प असताना पुढची शक्ती शून्य, मागची शून्य, आणि शून्याला शून्याने भागून विचित्र आकडे. रात्री तीनला अलार्म वाजतो तो यामुळे. कपलरचा बोर्ड सेकंदाला दहा वेळा मोजो, पण पुढची शक्ती ५ वॉटच्या वर असेल तेव्हाचंच माप धरो आणि दर मिनिटाला त्यातलं सगळ्यात जास्त पाठवो. रिपीटरला मिनिटातून एकदा विचारून हे हाती लागत नाही, कारण रक्षकाचं बोलणं चार-पाच सेकंदांचं असतं आणि तुमचा प्रश्न बहुतेक वेळा शांततेत पडतो.

अलार्म लागायची आणि उतरायची मर्यादा वेगळी ठेवा. खोलीचं तापमान ४५ ला लागू दे, ४० ला उतरू दे. नाहीतर मे महिन्यात दुपारभर मोबाईल टणटणत राहील आणि तिसऱ्या दिवशी लोक तो गप्प करून ठेवतील. 'डेटाच आला नाही' हा स्वतंत्र अलार्म, ५ मिनिटांचा. आणि अवलंबित्व लावा: उरणचा फोरजी पडला असेल तर उरणचे बाकी बारा अलार्म दाबून ठेवायचे.

सगळ्या मशीनचं घड्याळ एकाच एनटीपीवर (वेळ जुळवून देणाऱ्या सर्व्हरवर). सर्व्हर यूटीसीवर आणि रेकॉर्डर भारतीय वेळेवर राहिला तर घटना आणि रेकॉर्डिंग यांत साडेपाच तासांचा फरक पडतो.

आणखी एक. आरडॅकमधून रिपीटर बंद करता येतो, रीसेट करता येतो, शक्ती कमी-जास्त करता येते. हे अधिकार रात्रपाळीच्या ऑपरेटरला देऊ नका. त्याला बघायचं खातं, बदलायचं खातं एकाकडेच.

कोणाकडे हायटेराचे रिपीटर असतील तर काम सोपं आहे: आरडी९८५ वगैरे एसएनएमपी (नेटवर्कवरच्या यंत्राला त्याची माहिती विचारायची ठरलेली भाषा) बोलतात, झॅबिक्स थेट व्होल्टेज, पीएचं तापमान, पुढची-मागची शक्ती विचारू शकतो. यूडीपी १६१. कम्युनिटीचं नाव (एसएनएमपीचा पासवर्डच तो) मुळातलं ठेवू नका, आणि हे फक्त व्हीपीएनच्या आत.

खाडीवारा

पायऱ्या एकेक करत आलोय. व्हीपीएन झालं, मास्टर वागळेला आला, आरडॅकमध्ये चारही दिसतात, रेकॉर्डिंगही सुरू. आता डेटावर अडलंय. एमएनआयएस चारही रिपीटरशी जुळलेला दाखवतो, पण एकही गाडी हजर होत नाही. सेटचे आयडी १००१ पासून १०४०, एमएनआयएसचा आयडी ६४२५०.

स्लॉट_दोन

गाडीतल्या सेटच्या कोडप्लगमध्ये एआरएसचा (सेटने आपोआप हजेरी लावायच्या सोयीचा) रेडिओ आयडी ६४२५० भरलाय का? आणि चॅनेलवर एआरएस चालू केलंय का? दोन्ही वेगवेगळ्या पानांवर आहेत. एक केलं की दुसरं राहतं.

डेसिबल

ते बरोबर असेल तर पुढचं बघा. मोटोट्रबोमध्ये सेटचा आयपी पत्ता त्याच्या आयडीवरून बनतो. पुढे १२, आणि आयडी २५६ च्या पाढ्यात. १००१ म्हणजे ३ × २५६ + २३३, म्हणून पत्ता १२.०.३.२३३.  एमएनआयएस मशीनवर एक आभासी नेटवर्क अडॅप्टर तयार करतो आणि १२ ने सुरू होणारे पत्ते त्यातून गेले पाहिजेत. विंडोजच्या रूटिंग टेबलमध्ये बघा. ती वाट नसेल तर पॅकेट डीफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे इंटरनेटवर निघून जातं. १२ चे पत्ते बाहेरच्या जगात खरोखर कोणाच्या तरी मालकीचे आहेत, त्यामुळे 'पोहोचत नाही' असा एररही लवकर मिळत नाही.

मग विंडोज फायरवॉल. यूडीपी ४००५ हजेरीसाठी, ४००१ ठिकाणासाठी, ४००७ टेक्स्टसाठी. आत येणारे उघडे हवेत. फायरवॉलला नवीन आभासी अडॅप्टर 'पब्लिक' वाटतो आणि तिथे सगळं बंद असतं. नियम घालताना तिन्ही प्रोफाइलवर टिचकी मारा.

तपासायची झटपट रीत: एक सेट बंद करून चालू करा आणि वायरशार्कमध्ये आभासी अडॅप्टरवर ४००५ बघा. पॅकेट आलं आणि सॉफ्टवेअरला कळलं नाही, तर दोष मशीनवर. पॅकेटच नाही, तर दोष सेट किंवा रिपीटरच्या लायसन्समध्ये.

खाडीवारा

पॅकेट येत होतं, फायरवॉलच निघाली. 'पब्लिक'. ३७ गाड्या हजर, उरलेल्या तीन सेटमध्ये एआरएस बंद होतं.

पारसिककर

आता दर ३० सेकंदाला ठिकाण मागण्याचा मोह आवरा. ४० गाड्या म्हणजे मिनिटाला ८० उत्तरं, त्याच स्लॉटवर ड्रायव्हरही बोलणार. आयपी साइट कनेक्टमध्ये ती उत्तरं चारही साइटच्या हवेत फिरतात. उभ्या गाडीला ५ मिनिटं, चालत्या गाडीला अंतरावर (समजा दर ५०० मीटर) असं लावा. यार्डाच्या फाटकातून आत-बाहेर झाल्याची नोंद एवढंच हवं असेल तर तेवढं पुरतं.

आणि परवान्याचा कागद काढून बघा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस परवाने देणाऱ्या शाखेकडून मिळालेल्या कागदावर उत्सर्जनाचा प्रकार लिहिलेला असतो. डीएमआर बोलण्याला ७के६०एफएक्सई, नुसत्या डेटाला ७के६०एफएक्सडी. ठिकाण पाठवायचं तर दुसराही त्यात हवा. नसेल तर सरल संचार पोर्टलवरून दुरुस्ती. पहारेकरी सेटसुद्धा परवान्यातल्या सेटच्या संख्येत धरायचे.

स्लॉट_दोन

रेकॉर्डिंगबद्दल: सेटवर एन्हान्स्ड प्रायव्हसी (बोलणं सांकेतिक करून पाठवणं) चालू असेल तर सॉफ्टवेअरला तीच की आणि तोच की आयडी द्यावा लागतो. नाहीतर रेकॉर्डिंगची फाइल बनते, लांबीही बरोबर दिसते, वाजवली की घरघर. रोज सकाळी प्रत्येक साइटची एक फाइल ऐकून बघा.

खाडीवारा

शेवटचा एक गुंता. वागळे ते महापे लिंक दिवसातून दोनदा १५–२० मिनिटं कमजोर होते. सिग्नल १२ ते १५ डीबी पडतो, महापे पीअर दोन-तीनदा सुटतो, मग आपोआप बरं. पाऊस नाही, वीज आहे, तापमान ठीक. वेळा ठरलेल्या नाहीत. सोमवारी सकाळी ९:१०, मंगळवारी १० च्या सुमारास, बुधवारी १०:५०.

चिमटामीटर

रोज पाऊण-एक तास पुढे सरकतंय? मग बोर्ड उघडू नका, भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. :)

डेसिबल

+१. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते आणि दोन भरतींमध्ये १२ तास २५ मिनिटं असतात. तुमची लिंक ठाण्याच्या खाडीवरून जाते. थेट लाटेबरोबर पाण्यावरून परावर्तित झालेलीही पोहोचते. पाण्याची पातळी बदलली की तिची वाट बदलते. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सव्वापाच सेंटिमीटरच्या आत आहे, त्यामुळे वाटेत अडीच सेंटिमीटरचा फरक पडला तरी दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. शक्ती वाढवून उपयोग नाही, दोन्ही सारख्याच वाढतात.

वागळेच्या गच्चीवरची अँटेना आत्ता बहुधा कठड्याच्या अगदी कडेला असेल. ती चार-पाच मीटर मागे घ्या. समोरची अँटेना कठड्यावरून नेमकी दिसत राहिली पाहिजे, पण खालून पाण्यावरून येणारी लाट कठड्यात अडली पाहिजे. मागे घेतल्यावर सिग्नलचा आकडा डीबीभर पडेल, पडू द्या. आणि झॅबिक्समध्ये सिग्नलचा आलेख १५ दिवसांचा लावा, म्हणजे उधाणाची आणि भांगाची भरती दोन्ही त्यात येतील.

खाडीवारा

अँटेना साडेचार मीटर मागे घेतली. आकडा −५८ वरून −५९. पौर्णिमेचं उधाण धरून सोळा दिवसांचा आलेख समोर आहे: सगळ्यात मोठा खड्डा ३ डीबी. महापे पीअर एकदाही सुटला नाही. पहारेकरी सेट सध्या तळोज्याला आणि उरणला बसलेत. तळोजा ९६ पैकी ९६, ९५, ९६. उरण ८१, ७९, ८३. उद्या डुप्लेक्सर तपासायला माणूस जातोय.

डेसिबल

डुप्लेक्सर उघडण्याआधी त्याच्या रिसीव्ह बाजूचा जंपर आणि दोन्ही टोकांचे एन कनेक्टर बघा. यार्ड समुद्राजवळ आहे. मधल्या पिनवर हिरवं काही दिसलं तर जंपर बदला आणि पुन्हा दिवसभर ९६ मोजा, मगच डुप्लेक्सरच्या स्क्रूला हात लावा.